वाचकांचा रोष

आपले लिखाण कोणी खरोखर वाचले, याचा पहिला पुरावा लेखकाला बहुधा रागाच्या रूपाने मिळतो. स्तुती आप्तेष्टही करतात आणि ती लेख न वाचताही करता येते. रागावण्यासाठी मात्र निदान एखादा परिच्छेद तरी वाचावा लागतो.

आम्ही दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. दिवसा नस्त्यांवर टिपणे आणि रात्री मराठीत दोन पाने, एवढाच आमचा व्यासंग. मध्यंतरी आम्ही एका लेखात लिहिले, की येथील मराठी घरांतली मुले आईशीही हिंदीत बोलू लागली आहेत. आठवड्याभरात पाच पत्रे आली. एकाने आमची अक्कल काढली, दुसऱ्याने जात विचारली, तिसऱ्याने कारकुनाने साहित्यात लुडबुड करू नये असे बजावले. निनावी पत्रात तर आमच्या पत्नीचाही उद्धार होता. पुढे दोन महिने काही लिहवेना. तो निनावी गृहस्थ खांद्यावरून डोकावतो आहे असे वाटे. त्याला डिवचणार नाही असे वाक्य लिहावे, तर ते कोणाच्याच मनाला शिवत नसे. खरी हानी ती हीच. शिवीने अब्रू जात नाही, पण भाषा मिळमिळीत होते.

अखेर कचेरीतला शिरस्ताच कामी आला. निनावी तक्रारीवर कारवाई करू नये, असे केंद्रीय दक्षता आयोगाने 1999 साली सर्व खात्यांना कळविले होते, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. आम्हीही ते पत्र दप्तरी दाखल केले. पाचवे पत्र मात्र नावानिशी होते. नोएडातील एका बाईंनी संतापून विचारले होते, "आम्ही दोघेही नोकरीला, मूल पाळणाघरात. मराठी शिकवायची केव्हा?" हा राग नव्हता, दुखणे होते. त्यातूनच आमचा पुढचा लेख निघाला.

मराठी लेखकांना हा आहेर नवा नाही. पुण्यात आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, तरी 'सुधारक'मधली त्यांची लेखणी थांबली नाही. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले तेव्हा केवढा गदारोळ उठला! मालती बेडेकरांनी ते विभावरी शिरूरकर या नावाने लिहिले होते. नाव झाकणे हा नेहमीच भ्याडपणा नसतो, हेही त्यावरून उमगते. मर्ढेकर तर आपल्यासारखेच सरकारी नोकर, आकाशवाणीतले. त्यांच्या 'काही कविता' (1947) अश्लील ठरवाव्यात म्हणून खटला झाला, त्यातून ते सुटले. 1956 साली ते वारले आणि त्याच वर्षाचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला मिळाला. मंडी हाउसवरून जाताना अकादमीची इमारत दिसली, की आम्हांला हटकून त्यांची आठवण होते. रोष ओसरला, पुस्तके उरली.

तेव्हा वाचकहो, राग आला तर अवश्य लिहा. नाव घालता येत नसेल तर निदान मुद्दा तरी घाला. मुद्द्याला उत्तर देणे हे लेखकाचे कर्तव्यच आहे. शिवीसाठी आमच्याकडे दप्तर आहे.