बासष्ट घरांचा मायना

१२ जानेवारी २०२५, रविवार

आईची पंच्याहत्तरी फेब्रुवारीत. दादाशी सकाळी फोनवर बोलून दिवस पक्का केला. शनिवारी, आठ तारखेला जया एकादशी, म्हणजे आईचा उपास. म्हणून रविवार, ९ फेब्रुवारी. माघ शुद्ध द्वादशी, उपास सोडायचा दिवस, दुपारी पुरणपोळी आणि कटाची आमटी. सांगलीतच, घराच्या गच्चीवर मांडव घालून.

संध्याकाळी पत्रिकेची चौकशी करून आले. शंभराच्या खाली छापत नाहीत. मजकूर तयार असतो, आपण फक्त नाव आणि तारीख द्यायची. आईला नमुना दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"यात मी कुठे आहे? तुम्ही दोघं बोलावताय, माझं नाव नुसतं मधे आलंय. आणि पाकिटावर काय लिहिणार? श्री. अमुक आणि सौ. सौ. कोण? तिला नाव नाही का?"

बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज हजेरी घेतलेली बाई. तिच्या पटावर कुणी 'आणि इतर' नव्हतं. मला तिचं म्हणणं पटलं. पत्रिका घरीच करायची ठरली. लॅपटॉप आहे, त्यात लिबरऑफिस आहे, प्रिंटर आहे. प्रत्येक पत्रिकेवर त्या त्या घरच्या माणसांची नावं, आणि बोलावणारी आई स्वतः.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दादाच्या लग्नात, २००४ साली, त्यानं पाहुण्यांची यादी कॉम्प्युटरवर केली होती. ती फाइल त्यानं मेलनं पाठवली. उघडली तर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. तो फाँट असेल तरच मराठी दिसायचं, फाँट गेला की यादीही गेली. आता युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' कुठल्याही मशीनवर 'क'च राहतो.

आई म्हणाली, "माझी वही उघड." आहेराची वही. निळ्या रेघांची, कडेला वाळवी लागलेली. कुणी पातेलं दिलं, कुणी एकशे एक रुपये, कुणी खण-नारळ, सगळं तिच्या ठळक अक्षरात. ती वाचत गेली, मी टाइप करत गेले. एकशे अडतीस नावं होती. काही नावांपाशी ती थांबायची, बोट तसंच ठेवायची आणि पुढच्या ओळीवर जायची. मी विचारत नव्हते. एकदा तीच म्हणाली, "ही गेली. ह्यांच्या आधी दोन महिने." बाबा २०१६ मध्ये गेले.

दुपारचे चार वाजून गेले होते. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, मला. आईला तिळगूळ देऊन नमस्कार केला. आई हसून "गोड बोला" म्हणाली आणि वहीत बघायला लागली. आमच्यापासून फार लांब नाही हेरवाड, शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा आईनं ते पेपरचं कात्रण कापून ठेवलं होतं. ते ह्याच वहीत सापडलं.

मी हळदीकुंकवाला गेले नाही. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे.

१५ जानेवारी, बुधवार

यादी स्प्रेडशीटमध्ये घेतली. रकाने: त्याचं नाव, तिचं नाव, आडनाव, गाव. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. आईनं पाचवा रकाना घालायला लावला, मायना.

मराठी पत्राचा सगळा जीव मायन्यात असतो. मोठ्या काकूंना 'ती.', भाच्याला 'चि.', जावांना 'प्रिय'. वहीत पाच-सहा ठिकाणी 'गं. भा.' होतं. ते आईनं प्रत्येक ठिकाणी खोडायला सांगितलं. "नवरा आहे की गेला हे पाकिटावर कशाला? जिथे वाटेल तिथे श्रीमती लिही, नाहीतर नुसतं नाव."

सगळ्यात वेळ गेला तो बायकांच्या नावांत. पंचवीस-तीस वर्षांच्या ओळखी, आणि आम्हाला 'पाटीलवहिनी' एवढंच माहीत. आईनं अकरा फोन केले. प्रत्येक फोन अर्ध्या तासाचा. पण रकाना भरला. बासष्ट घरं.

१८ जानेवारी, शनिवार

आज मजकूर. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' नको, असं आईनं आधीच सांगितलं होतं. तिनं स्वतः पाच ओळी लिहून दिल्या:

'सप्रेम नमस्कार. येत्या माघात मला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतील. तुमच्यासोबत एक दुपार घालवावी अशी इच्छा आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकानं जेवूनच जावं. आहेर नको.'

खाली तिचं पूर्ण नाव.

वर शीर्षक मी 'निमंत्रण' टाकलं होतं. तिनं 'आमंत्रण' करायला लावलं. आईनं बी. ए. संस्कृत घेऊन केलंय. पाणिनीच्या एका सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, आणि जुन्या टीकाकारांनी त्यांतला फरक सांगितलाय: निमंत्रण म्हणजे ज्याला यावंच लागतं, श्राद्धाच्या ब्राह्मणासारखं, आणि आमंत्रण म्हणजे येणं न येणं ज्याच्या त्याच्या इच्छेवर. "माझ्या वयाच्या बायकांचे गुडघे दुखतात. आग्रह करायचा, बंधन घालायचं नाही." किती नेमका विचार. मी इतकी वर्षं हे दोन शब्द एकच समजत होते.

स्क्रीनवर मजकूर दाखवला. ती वाकून बघत राहिली.

"हा ल असा का?"

'मला' मधला ल उभ्या दांड्याला टेकलेला होता, हिंदी पुस्तकात असतो तसा. 'श'ही तिकडचाच. "मी मुलांना असा ल कधी गिरवायला दिला नाही. दोन पाकळ्यांचा असतो आपला." खरं आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हेच धरलेत. मी फाँट बदलायला निघाले होते, पण कारण दुसरीकडेच होतं. बऱ्याच चांगल्या देवनागरी फाँटांत दोन्ही वळणं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं, आणि माझ्या लॅपटॉपवर देवनागरीची भाषा हिंदी लावलेली होती. सगळा मजकूर निवडला, भाषा मराठी केली. आमच्या डोळ्यांसमोर एकेका ल च्या पाकळ्या उमलल्या. आईनं टाळी वाजवली.

मग शीर्षकासाठी टिरो देवनागरी मराठी हा फाँट उतरवून घेतला. फुकट मिळतो. हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा तीन वेगवेगळ्या प्रती आहेत त्याच्या. कुणीतरी आपल्या ल चा इतका विचार केलाय याचं बरं वाटलं.

मग 'येणाऱ्या' या शब्दापाशी अडलं. नेहमीसारखं टाइप केलं की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, 'येणार्या'. वाचताना जीभ अडखळते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J ही कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्याला हलन्त देऊन य लिहायचा, म्हणजे ती आडवी चिमुकली कोयरी बरोबर जुळते. वऱ्हाड, सुऱ्या, दऱ्या, सगळीकडे हेच. मराठीत हा फरक सोडून चालत नाही. 'आचार्यांना' बोलावणं वेगळं आणि 'आचाऱ्यांना' वेगळं.

१९ जानेवारी, रविवार

ए-फोर कागदाचे बरोबर चार भाग केले की ए-सिक्स होतो, १०५ गुणिले १४८ मिलिमीटर, पोस्टकार्डाहून थोडा मोठा. म्हणून पानावर दोन गुणिले दोनचं टेबल आखलं, एका चौकटीत मजकूर बसवला, बाकीच्या तिन्हींत चिकटवला, नावांच्या जागी मेल मर्जची, म्हणजे यादीतली नावं आपोआप भरणारी, फील्ड टाकली. साध्या कागदावर चाचणी काढली. पहिल्या पानावर चारही पत्रिका मोठ्या मावशीच्या नावाच्या. दुसऱ्या पानावर चारही धाकट्या मामांच्या.

तासभर गेला. प्रोग्रामच्या दृष्टीनं एक पान म्हणजे एक नोंद. पान संपल्याशिवाय तो यादीत पुढच्या ओळीवर जातच नाही. प्रत्येक चौकटीच्या शेवटी 'पुढची नोंद' हे फील्ड घालायचं असतं, शेवटची चौकट सोडून. ते घातलं आणि मावशी, मामा, काकू, जाऊबाई एका पानावर शेजारी शेजारी आले. असेच ते लग्नातही एका सतरंजीवर बसायचे.

माझ्या लेकीनं आणखी एक चूक पकडली. ओळींतलं अंतर मी ठरावीक आकड्यावर बांधलं होतं, जागा वाचावी म्हणून. त्यामुळे 'वर्षं' वरचा रफार आणि अनुस्वार वरून छाटला जात होता. मराठी अक्षराला डोक्यावर जागा लागते. अंतर सैल केलं, मजकूर एका ओळीनं वाढला, तो तसाच ठेवला.

२१ जानेवारी, मंगळवार

२२० जीएसएमचा पांढरा कार्डशीट आणला, चकचकीत नसलेला. पुढच्या ट्रेमधून जाड कागद आत वळतो आणि अडकतो, म्हणून मागून एकेक सरकवायचा. सेटिंगमध्ये जाड मॅट कागद निवडला आणि आकार शंभर टक्के ठेवला. 'पानात बसवा' वर राहिलं तर सगळं थोडं आक्रसतं आणि कापताना चार भाग चुकतात.

शीर्षक कुंकवाच्या रंगात छापलं होतं. फार सुरेख दिसत होतं. आईनं सवयीनं देवापुढच्या वाटीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि कोपऱ्यावर लावलं. बोट जरा सरकलं, शीर्षकाला लागलं, आणि 'आमंत्रण' मधला त्र विरघळून गुलाबी ओघळ खाली आला. आमच्या प्रिंटरची रंगीत शाई पाण्यात फुटते, काळी फुटत नाही. हळदीकुंकवाचं बोट प्रत्येक पत्रिकेला लागणारच. मग रंग छापायचाच कशाला? सगळी अक्षरं काळी केली. वरचा डावा कोपरा मोकळा सोडला, अंगठ्याएवढा.

कुंकू कुणी लावायचं हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "मीच लावते सगळ्यांना."

२५ जानेवारी, शनिवार

सोळा कागद. एकेक सरकवत दीड तास लागला. लेकीनं स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन दोन-दोन काप दिले. कडेला चौकट काढायची माझी इच्छा होती, पण हातानं कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच आणि चौकट असली की ते डोळ्यावर येतं. बिनचौकटीच्या पत्रिका स्वच्छ दिसतात. तिचा सोळावा कागदही पहिल्याइतकाच सरळ होता.

आई पाटावर बसली. डावीकडे गठ्ठा, उजवीकडे वाळायला ठेवलेल्या पत्रिका. प्रत्येक पत्रिका उचलायची, नाव मोठ्यानं वाचायचं, कुंकू लावायचं. शाळेच्या हजेरीचा सूर होता तो. मी ओळखला. तिसरीत मी तिच्याच वर्गात होते.

पहिली पत्रिका घेऊन संध्याकाळी गणपतीच्या देवळात गेलो.

२७ जानेवारी, सोमवार

पोस्टानं जायच्या वीस. कार्ड साडेतीन ग्रॅमच्या आत, पाकीट धरून सात-आठ. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट पुरतं. बाकीच्या हातोहात द्यायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी का म्हणून दादानं विचारलं. पुण्याच्या चार घरांना पीडीएफ पाठवली, कार्डं मागून जातील. पीडीएफ करताना फाँट आतच बांधला जातो, म्हणून कुणाच्याही फोनवर ल पाकळ्यांचाच दिसेल.

यादी बासष्टची आणि सोळा कागदांवर चौसष्ट चौकटी, म्हणून दोन पत्रिकांवर नावाची जागा कोरी राहिली होती. मी त्या नमुना म्हणून फाइलमध्ये ठेवणार होते. आईनं मागून घेतल्या.

"एक स्वयंपाकाच्या मावशींना. त्या दिवशी त्यांनी पुरण घालायचं नाही, पंगतीत बसायचं. पोळ्या बाहेरून आणा." मावशींच्या नवऱ्याचं नाव तिला माहीत होतं, मुलांचीही होती.

"आणि एक रिक्षाकाकांना." शेवटची अकरा वर्षं त्यांनीच आईला शाळेत नेलं-आणलं. पावसाळ्यात पूल बंद झाला तेव्हा कुपवाडच्या बाजूनं फिरवून आणायचे, जास्तीचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यांचं नाव आम्हाला सगळ्यांना पाठ. त्यांच्या बायकोचं नाव मला येईना, आईलाही येईना. अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली.

मी म्हटलं, त्यांचं एकट्याचं घालूया, आणि खाली 'सहकुटुंब'. आईनं मान हलवली आणि फोन हातात घेतला. काका स्टँडवर होते, मागे गाड्यांचा आवाज येत होता. आईनं त्यांना नाव विचारलं नाही. "घरी गेलात की वहिनींना फोन द्या, मला त्यांच्याशीच बोलायचंय," म्हणाली.

रात्री पावणेनऊला फोन आला. आईनं स्पीकर लावला. पलीकडे एक हळू आवाज, "बाई, काय काम होतं?" आईनं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काहीच बोलणं नाही. मग त्या बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, आणि पुन्हा एकदा, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून.

नावात ल आहे. मी यादीत चौसष्टावी ओळ भरली, कोरी पत्रिका पुन्हा मागच्या ट्रेमध्ये सरकवली आणि फक्त नाव छापून घेतलं. आई वाटी घेऊन शेजारी उभी होती.