पसरणीच्या घाटातला पाळणा

दिवाळीत पुण्याची मंडळी कोकणात जातात, गोव्याला जातात. आमची मोटार मात्र भाऊबिजेला न चुकता वाईला जायची. तिथे गंगापुरीत आमच्या आत्याबाई राहत आणि बाबांना ओवाळल्याखेरीज त्यांची दिवाळी पुरी होत नसे.

ही गोष्ट १९९६ सालची. कात्रज ओलांडला, खंबाटकी उतरलो आणि सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळलो. दुतर्फा वडांची गर्द सावली आणि पुढे कृष्णाकाठचा ढोल्या गणपती! प्रवासाचा शीण तिथेच उतरायचा. गाडी थोडी डुलत होती खरी. पण रोज बसणाऱ्याला रोजचे डुलणे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना घेऊन पाचगणीला निघालो. शाहीर साबळ्यांचे पसरणी गाव मागे पडले, घाट लागला आणि एका खड्ड्यात गाडी आदळली. मागून आत्याबाई म्हणाल्या, “अरे, ही मोटार आहे की पाळणा?”

“रस्ताच तसा आहे, आत्या.”

“खड्डा तर केव्हाच मागे राहिला. तुझा पाळणा अजून हलतोच आहे!”

आम्ही सारे पोटभर हसलो. टेबललँडवरून धोमचे निळे पाणी पाहिले, मुलांना घोड्यावर बसवले आणि उन्हे कलताना परत निघालो.

घाट उतरताना एका वळणावर खालून बस आली. मी ब्रेक दाबला. गाडीने नाक खाली खुपसले, मागची बाजू उचलली गेली आणि थांबायचे सोडून ती थरथरत पुढेच सरकली. दगडी कठडा वीतभर उरला तेव्हा कुठे थांबली! कुणीही हसले नाही.

वाईत शिरताच मिस्त्री गाठला. मला वाटले, ब्रेक गेले. त्याने ब्रेक तपासले. ते ठीक होते. मग पुढच्या चाकावरचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडून दिला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली.

“साहेब, एकदा वर आली की तिने गप्प बसायला पाहिजे. शॉकअप गेलेत.”

त्याने चाकामागची नळी दाखवली. तेल पाझरून तिच्यावर धुळीचा चिकट थर बसला होता. टायरवर हात फिरवायला सांगितले. मधूनमधून खळगे पडल्यासारखी झीज लागली.

मग त्याने सारे उलगडून सांगितले. धक्का खाते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला गप्प करतो तो शॉकअप. त्याच्या नळीत तेल आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या असतो. तेल त्या छिद्रांतून सावकाश सरकते आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. तेल गळाले की स्प्रिंग मोकाट सुटते, चाक रस्त्यावर नाचू लागते. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? टायर रस्त्याला धरून असेल तरच गाडी थांबते. म्हणून एका बाजूचा बिघडला तरी पुढची किंवा मागची जोडी मिळूनच बदलायची.

त्या रात्री आत्याबाईंकडे मुक्काम वाढला आणि गाडी दुसऱ्या दिवशी नव्या शॉकअपवर पुण्याला निघाली. खड्डा आला, गाडी एकदा दबली आणि शांत झाली. इतकी वर्षे ही शांतता आपण विसरलोच होतो, हे तेव्हा उमगले.

आत्याबाई आता नाहीत. हल्लीच्या गाड्यांच्या स्प्रिंगा ताठ असतात. नुसत्या हाताने दाबून नेहमी दोष कळेलच असे नाही. म्हणून घाटात जाण्यापूर्वी मी नळीवर तेल दिसते का ते पाहतो, टायरवर हात फिरवतो आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला मुद्दाम मागे बसवून विचारतो, “काय हो, पाळण्यात बसल्यासारखे वाटते का?”

कारण झीज हळूहळू होते आणि घरच्यांना ती सर्वांत शेवटी कळते.