हात शेवटी येतात

व्हॉलीबॉलमध्ये अंडरहँड, म्हणजे जुळलेल्या हातांनी चेंडू खालून घेऊन देण्याचा पास, सुधारायचा म्हटलं, की आपण मुलांचे हात सुधारायला घेतो. मनगटं जुळव, अंगठे समांतर ठेव, कोपर वाकवू नकोस, चेंडू मनगटाच्या चार बोटं वर लागू दे. यातली एकही सूचना चुकीची नाही. तरीही मावळात वडगाव असो, कामशेत असो की लोणावळा, शाळकरी सामन्यात गुणामागून गुण सर्व्हिसवरच जातात, आणि हात अगदी पुस्तकात दाखवल्यासारखे जुळवलेल्या मुलाचाही चेंडू बाजूच्या गवतात जाऊन पडतो. माझं म्हणणं असं, की अंडरहँड डोळ्यांनी सुरू होतो, पावलांनी जवळजवळ पुरा होतो आणि हात शेवटी येतात. शिकवताना आपण हा क्रम नेमका उलटा लावतो, आणि दहाव्या वर्षी लागलेली ही उलटी सवय खेळाडूला पन्नाशीपर्यंत सोडत नाही.

हे साध्या भूमितीवरूनही दिसतं. आरशावरून कवडसा परततो, साधारण तसाच चेंडू हातांच्या फळीवरून परततो. म्हणून फळी एक अंश फिरली की चेंडूची वाट दोन अंशांनी फिरते. फळी पाच अंश चुकली, तर पाच मीटरवर उभ्या असलेल्या लिफ्टरपासून, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्यापासून, चेंडू जवळजवळ नव्वद सेंटिमीटर लांब जातो. खरा चेंडू मऊ असतो, त्याला फिरकी असते, त्यामुळे हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. पण चूक दुप्पट होते हे काही चुकत नाही. आता वेळ बघा. मैदान अठरा मीटर लांब. ताशी साठ किलोमीटर वेगाची मध्यम सर्व्हिस पलीकडच्या टोकापासून आपल्यापर्यंत सुमारे एका सेकंदात येते. त्यातला पाचवा भाग तर चेंडू दिसणं आणि शरीर हलणं यांच्या मधेच संपतो. उरलेल्या वेळात खेळाडू चेंडूमागे पोहोचलेला असला, तर फळी स्थिर धरायला त्याला सवड मिळते. पोहोचला नसेल, तर हात लांबवून चेंडू गाठावा लागतो, आणि लांबवलेला हात हलता असतो. हलत्या हाताचा कोन पाच अंशांत राखणं चांगल्या चांगल्यांना जमत नाही. म्हणजे हातांची म्हणून जी चूक आपल्याला दिसते, ती बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदापूर्वी पायांनी केलेली असते.

आणि पाय उशिरा का निघतात? नजर उशिरा लागते म्हणून. कॅनडातल्या जोन व्हिकर्स यांनी १९९७ साली सहकाऱ्यासोबत सर्व्हिस घेणाऱ्या खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरस खेळाडू चेंडूवर लवकर नजर लावतात आणि जास्त वेळ टिकवतात, असं त्यात आढळलं. पावलांचा पुरावा त्याही आधी, इतिहासात आहे. १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ रचला; पुढे कितीतरी वर्षं सर्व्हिससुद्धा बोटांनी, डोक्यावरून घेतली जाई. पंच दुहेरी स्पर्शाबद्दल कडक होऊ लागले आणि सर्व्हिस वेगवान झाली, तेव्हा अंडरहँड पुढे आला. हिरोबुमी दाइमात्सू यांनी घडवलेला जपानी महिलांचा संघ मुख्यतः एका कापडगिरणीतल्या कामगार मुलींचा. १९६२ चं विश्वविजेतेपद आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक या संघानं मिळवलं, ते चेंडूखाली झेपावून, लोळण घेऊन पुन्हा उभं राहण्याच्या तंत्रावर. त्या मुली उंचीनं युरोपीय खेळाडूंच्या पुढे नव्हत्या. त्या चेंडूच्या आधी जागेवर पोहोचत होत्या.

मावळात हा उलटा क्रम आणखी घट्ट बसायला इथली हवाच मदत करते. जून ते सप्टेंबर लोणावळ्याकडे चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शालेय स्पर्धांचा हंगाम याच ओल्या दिवसांना येऊन भिडतो. चिखलात पाऊल टाकलं की घसरतं, म्हणून मूल पाय रोवून उभं राहतं आणि हात लांबवतं. कोरडा असताना २६० ते २८० ग्रॅमचा चेंडू भिजून जड होतो, कोवळ्या हातांवर लाल वळ उठतात, आणि दुखण्याच्या भीतीनं ऐन क्षणी डोळे मिटतात. पुढे विशीत अंगात जोर येतो, तेव्हा चेंडूला हात मारायची खोड लागते. तिला गावोगावी खेळल्या जाणाऱ्या शूटिंग व्हॉलीबॉलचं पाठबळ मिळतं. त्या खेळात जुळलेल्या हातांनी चेंडू ठोकून पलीकडे धाडायचा असतो. तो रांगडा, देखणा खेळ आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण तिथून स्मॅशिंगकडे, म्हणजे नेहमीच्या व्हॉलीबॉलकडे, आलेल्या हाताला पहिली गोष्ट विसरावी लागते ती ठोकणं. वेगवान सर्व्हिसला वरून आणखी जोर लागत नाही, तिला फक्त वाट दाखवावी लागते. कमरेतून वाकण्याचंही असंच. भाताच्या आवणीत गुडघे फारसे न मोडता वाकावं लागतं, आणि व्हॉलीबॉलमध्ये तसं वाकलं की पाय अडकतात. मात्र कबड्डीत चढाईसमोर उभ्या राहणाऱ्या पोराचा किंवा तालमीतल्या पैलवानाचा पवित्रा बघा: गुडघे सैल, भार चवड्यांवर, नजर समोरच्यावर. अंडरहँडला हवी असलेली उभं राहण्याची रीत इथल्या मुलांच्या अंगात आधीपासून आहे. ती व्हॉलीबॉलच्या मैदानावर आणायला कुणी सांगत नाही, एवढंच.

यावर क्रीडाशिक्षक म्हणतील, की नवख्याला आधी हात जुळवता तर यायला हवेत; आणि चाळीस मुलांत दोन चेंडू असताना भिंत आणि गुरुजींनी अलगद टाकलेला चेंडू यांशिवाय उपाय काय? पहिला मुद्दा खरा आहे, पण त्याला एक आठवडा पुरतो; आपण त्यात वर्षं घालवतो. शिवाय अवयवांकडे सतत लक्ष वेधण्याचा उलटाच परिणाम होतो. २००२ साली गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसवर केलेल्या प्रयोगात, हातापायांबद्दल ऐकणाऱ्यांपेक्षा चेंडूच्या परिणामाबद्दल ऐकणाऱ्यांचा नेम जास्त सुधारला. तो प्रयोग सर्व्हिसचा होता, पासचा नव्हे. तरी ‘कोपर ताठ’ ऐवजी ‘चेंडू लिफ्टरच्या कपाळावर’ असं सांगून पाहायला कुणाची हरकत असावी? दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. भिंतीवरून येणारा चेंडू आपणच मारलेला असतो. तो कुठे येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून नजरेला काही ओळखावं लागत नाही आणि पायांना कुठे जावं लागत नाही. दोनच चेंडू असतील तर एक नेटपलीकडून सर्व्हिससाठी वापरावा, आणि रांगेतल्या मुलांनी चेंडूशिवायच सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्याकडे बघत योग्य जागी पाऊल टाकावं. डोळे आणि पाय शिकवायला प्रत्येकाच्या हातात चेंडू लागत नाही. पावसात वर्गाबाहेरचा व्हरांडाही चालतो. लहानांना हलका चेंडू दिला, तर डोळे मिटण्याची सवय मुळात लागतच नाही.

सुधारणा झाली की नाही हे मात्र मोजावं. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं, ते श्वास आणि आसनासारख्या गोष्टीही प्रयोगशाळेत तपासता येतात या विश्वासानं. त्याच गावात अंडरहँडचा दर्जा ‘बरा वाटतो’ यावर का सोडायचा? दर पासला आकडा द्यावा: लिफ्टरला सगळे पर्याय मोकळे राहिले तर तीन, दोन राहिले तर दोन, कसाबसा चेंडू वाचला तर एक, गुण गेला तर शून्य. वहीच्या पानावर महिनाभर ही नोंद ठेवली, की हातांवर घालवलेला वेळ आणि पायांवर घालवलेला वेळ यांतला फरक आकड्यांतच दिसतो.

आणखी एक आक्षेप बदललेल्या नियमांच्या आधारानं येतो. १९९० च्या दशकात पहिल्या स्पर्शातल्या दुहेरी स्पर्शाला मुभा मिळाली, त्यामुळे सर्व्हिस बोटांनीही घेता येते. १९९८ पासून लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठीचा खेळाडू, आला. मग सगळ्यांनीच अंडरहँडमागे का लागावं? छातीच्या खाली जोरात बुडणारा चेंडू आजही बोटांनी घेता येत नाही, आणि लिबेरो असला तरी सर्व्हिस करणारा त्याला टाळून कच्च्या खेळाडूलाच शोधतो. गावच्या संघात तर अनेकदा मोजून सहाच जण जमतात. आणि वय तर कुणाचंच थांबत नाही. चाळिशीनंतर उडी आटते, मग स्मॅश जातो, ब्लॉक जातो. हाताच्या जोरावर खेळलेल्या माणसाचा खेळ तिथे मिटतो. नजर लवकर लावून दोन छोट्या पावलांत चेंडूमागे पोहोचायला शिकलेला माणूस मात्र मागच्या ओळीत उभा राहून, आपल्या निम्म्या वयाच्या पोराची सर्व्हिस अजूनही लिफ्टरच्या कपाळावर नेऊन ठेवतो.