हे राहणार कुठं?

आज माझ्या नावावर भिंतींवरची, चौकांतली जी काही कामं आहेत, त्यांचं मूळ सरांच्या एका खोडीत आहे. विद्यार्थ्यानं मातीचं मॉडेल पुढं ठेवलं की ते त्याकडं बघायच्या आधी विचारायचे, "हे राहणार कुठं?" उत्तर आलं नाही तर सरळ चहाला निघून जायचे.

वेरूळच्या सहलीत सोळाव्या लेण्याशी पोचल्यावर आम्ही वह्या उघडल्या, तर सरांनी आधी बाजूच्या डोंगरावर चढवलं. तिथून कैलासाचं शिखर आणि मंडपाच्या छतावरचं कमळ, त्याचे चार सिंह, सगळं खाली दिसतं. "कारागीर इथनं खाली उतरलेत. जोतं शेवटी." आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. मागचा कडा शंभर फुटांहून खोल कापलेला. वरून कोरत यायचं म्हणजे शिखराला हात घालतानाच खाली जोत्यावरच्या हत्तींसाठी दगड राखून ठेवायला हवा. निघालेला दगड परत बसत नाही. इथं स्थपती कुठं संपतो आणि शिल्पी कुठं सुरू होतो, हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

मग खाली, मंडपाच्या दक्षिण अंगाला. रावण कैलास हलवतोय. या शिल्पाचा फोटो मी पुस्तकात कितीदा तरी पाहिला होता. सरांनी वही मिटायला लावली आणि मला रावणासमोर उकिडवं बसवलं. त्याला मागून इतकं खोल कोरून काढलंय की हातांच्या मागं दिवसाउजेडी काळोख साचतो. वर पार्वती शंकराला बिलगलेली, दासी पाठ फिरवून पळत सुटलेली, आणि महादेव निवांत, पायानं नुसता दाब देतोय. "आता अजून वर बघ, पोरी." वर सबंध देऊळ होतं. रावणाच्या डोक्यावर कोरलेला डोंगर आहेच, पण भार जाणवतो तो त्या देवळाचा, आणि देवळाचंच नाव कैलास. हाच रावण कापून म्युझियममध्ये नेला तर उरेल फक्त एक दांडगा माणूस.

सरांचं स्वतःचं एक उठावशिल्प दादरच्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात होतं, सिमेंटमधलं, मजल्यामजल्यानं वर चढत जाणारं. जाळीतून येणारं दुपारचं ऊन धरून त्याची खोली ठरवलेली. सकाळी ते जवळजवळ सपाट दिसायचं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा शिल्प कापून काढायचं मी बिल्डरशी बोलून आले. सर म्हणाले, "जिना कापून देणारे का तो?"

रिचर्ड सेराची गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ साली त्यानं १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत आडवी उभी केली. चौकातून जाणाऱ्यांना वळसा पडू लागला, तक्रारी झाल्या, सरकार म्हणालं दुसरीकडं हलवू. हलवणं म्हणजे मोडणंच, असं सेराचं म्हणणं. तो कोर्टात हरला आणि १९८९ मध्ये भिंत तोडून नेली. सर पूर्णपणे त्याच्या बाजूचे नव्हते. जागा म्हणजे नुसती फरशी नव्हे, तिथून रोज जाणारा कारकूनही जागेतच धरायचा, असं ते म्हणत. मला अजूनही सेराचं जास्त पटतं. यावर आमचं भांडण मिटलं नाही, आणि आता मिटायचंही नाही.

जोत्याचं काम सुरू व्हायच्या आत मी आर्किटेक्टकडं नकाशे मागते. लॉबीला रंग लागल्यावर 'इथं काहीतरी आर्ट टाका' म्हणणारे भेटतातच, त्यांना मी दुसऱ्यांचे नंबर देते. जागेवर नुसतं बसून ऊन बघण्यात जे दिवस जातात, ते बिलात वेगळे लावते. सरांनी ते कधीच लावले नाहीत, आणि काकू त्यावरून त्यांना शेवटपर्यंत बोलत राहिल्या. काकूंचंच बरोबर होतं.