मनगटातली गुणगुण

सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवायची आणि डोळे मिटून थांबायचं. कातडीखाली गुणगुण लागते. लहानपणी आम्ही विजेच्या खांबाला कान लावून आतला आवाज ऐकायचो, साधारण तशी. ती लागली की चूल पेटवायला हरकत नाही. शस्त्रक्रिया करून धमनी शिरेला जोडली की शिरेतून रक्त मुसंडी मारत धावतं. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात आणि बोटांना लागणाऱ्या थरथरीला थ्रिल. थ्रिल गेलं तर फिस्टुला बंद पडला, मग तसंच रुग्णालय गाठायचं. इतक्या रटाळ आजारात एवढ्या एका गोष्टीला हे नाव ज्याने दिलं, त्याला माझा नगरी ख्रिस्ती पद्धतीचा सलाम.

माझं डायलिसिस मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतं, सकाळच्या पहिल्या पाळीला. एका वेळी चार तास. हिशेब केला तर वर्षाचे सहाशे चोवीस तास, म्हणजे पुरते सव्वीस दिवस. बंगळुरूतल्या लिंगराजपुरमहून नवरा स्कूटरवरून सोडतो आणि कामावर जातो. डाव्या हातात दोन सुया, एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं. तो हात हलवायचा नाही. मोकळा राहतो तो उजवा. आणि उजव्या हाताला काय करायचं हे आजकाल कुणाला शिकवावं लागत नाही. ‘मोबाईल बघत बसा, वेळ जातो,’ असं पहिल्याच दिवशी मला तिघांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्याची मूत्रपिंडं बसली आहेत त्याला वेळ घालवायचा सल्ला द्यायचा, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

मी मात्र तो सल्ला मनापासून पाळला. दीडेक वर्ष तरी पाळला.

डायलिसिसच्या माणसाचं खरं दुखणं सुई नव्हे, तहान. मला दिवसाला सातशे मिलिलीटरची मर्यादा आहे. त्यात चहा आला, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं, आमटी आली, ताकही आलं. शहाळं तर पोटॅशियमपायी कायमचं बंद, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीच शहाळ्यांची गाडी. मी एका वहीत घोट लिहून ठेवते. इकडे उशाशी उभं असलेलं यंत्र मात्र मिनिटाला अर्धा लिटर द्रव माझ्या रक्ताशेजारून वाहून नेतं. चार तासांत एकशेवीस लिटर. माझ्याकरता इतकं पाणी वाहतं आणि त्यातला थेंब मला पिता येत नाही, हा विनोद पहिल्यांदा ध्यानात आला तेव्हा हसू आलं नव्हतं.

फोनला माझी तहान कशी कळली कोण जाणे. मी काही शोधलं नव्हतं. एकदा उसाच्या रसाच्या गुऱ्हाळापाशी अंगठा क्षणभर जास्त रेंगाळला असेल, तेवढं त्याला पुरलं. मग रोज सोलकढी, कोकम सरबत, माठातलं ताक, पेल्यावरून ओघळणारं दव, सह्याद्रीतले धबधबे. तोंड कोरडं पडलेलं आणि डोळे घटाघटा पितायत. मधूनच गुलाबाच्या फुलांवर छापलेली वचनं यायची, मागे पियानो. एखादा सूटबूटवाला प्रचारक बोट रोखून सांगायचा की विश्वास धर, तू आजच बरी झालीस. त्यांवरही मी बदाम दाबायची. फोनमध्ये नको ते बघण्यापेक्षा देवाचं बघितलेलं बरं, अशी मनाची समजूत. खरं तर सोलकढी आणि वचन यांत माझ्या लेखी काही फरक उरला नव्हता. दोन्ही सारख्याच वेगाने वर सरकत होती.

या शहराची गंमत अशी की अंगठा सरकत राहावा म्हणून इथल्याच इमारतींत पोरं रात्र-रात्र जागतात, आणि तो अंगठा थांबेना झाला की इथल्याच निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत उपचारालाही जाता येतं. २०१४ पासून तिथे त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, नाव ‘शट’. मी गेले नाही. माझा अंगठा थांबला तो दुसऱ्याच कारणाने.

२०२४चा मार्च. बंगळुरूत पाण्यावाचून हाहाकार. बोअरवेल आटल्या होत्या, टँकरचे भाव भडकले होते, गाडी धुताना कुणी सापडला तर पाच हजारांचा दंड होता. सगळं शहर घोट मोजायला लागलं आणि आम्ही डायलिसिसवाले एकमेकांकडे बघून गालात हसलो. रस्त्यांवर जकरांडाचा जांभळा सडा, चर्चमध्ये वेदीवर लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं, जांभळं वस्त्र. त्या वर्षी रमजान आणि लेंट एकावर एक आले होते. माझ्या डावीकडच्या खाटेवर शिवाजीनगरच्या एक खाला असतात. डॉक्टरांनी त्यांना रोजे मना केलेले. त्या दिवशी छताकडे बघत म्हणाल्या, ‘रोजा नै होता बोलते, पन प्यास तो बारा महीने की है मेरी.’ त्यांची तहान कुणाच्याच हिशेबात धरली जात नव्हती, हे त्यांना सलत होतं. उजवीकडे एक रिक्षावाले अण्णा. ते आल्या-आल्या विचारतात, ‘एष्टु किलो बंतु?’ दोन डायलिसिसच्या मधे अंगात साचलेलं पाणी किती किलो भरलं, हा आमचा क्षेमकुशलाचा प्रश्न.

त्या गुरुवारी माझं उत्तर लाजिरवाणं होतं. तीन किलो दोनशे. बुधवारी दुपारी रीलमध्ये माठातलं ताक बघितलं आणि उठून फ्रिज उघडला. एक पेला, मग दुसरा. वहीत लिहिलं नाही.

तो दुःखसहनाच्या आठवड्यातला गुरुवार होता, २८ मार्च. हा शब्द आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा. प्रभूचं दुःखसहन. नगरला लहानपणी त्या आठवड्यात रोज संध्याकाळी उपासना असायची, पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं व्हायची आणि आम्ही पोरं सतरंजीवर पेंगायचो. आजी मांडीला चिमटा काढायची, म्हणायची, पेत्रही असाच झोपला होता. गेथशेमाने बागेत येशू घाम गाळत प्रार्थना करतो आणि त्याचे तीन जिवलग दगडफेकीच्या अंतरावर झोपून जातात, ती गोष्ट. मला कायम वाटायचं की रात्र फार झाली होती, पोटभर जेवण झालं होतं, म्हणून झोपले असतील. लूक वेगळं कारण देतो. तो म्हणतो, ते दुःखाने झोपले. लूक पेशाने वैद्य, निदान त्यालाच जमलं. समोर चाललेलं बघवत नाही म्हणून माणूस डोळे मिटतो. मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले होते, एवढाच फरक.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला. यंत्र एवढं पाणी ओढायला लागलं की स्नायू असे पिळवटतात की आपल्या पायात दुसरंच कुणी घुसलंय असं वाटतं. मी ओरडले. हातातला फोन उडाला आणि यंत्राच्या चाकांमागे कुठेतरी गेला, त्यातून पियानो वाजतच राहिला. उठता येत नाही, डावा हात हलवता येत नाही, उजवा हात पायापर्यंत पोचत नाही. अण्णा पडल्यापडल्या गरजले, ‘सिस्टर, बेग बन्नी!’ आणि मला म्हणाले, ‘एनू आगल्ला अम्मा, एनू आगल्ला.’ काही होत नाही. त्यांच्याही हातात सुया. खालांनी मोकळा हात छताकडे उचलला आणि ओठ हलवायला लागल्या.

सिस्टर केरळची, जेमतेम चोविशीची. तिने आधी यंत्राचं पाणी ओढणं थांबवलं, सलाईन सोडलं, मग चादर दूर करून माझं पाऊल दोन्ही हातांत घेतलं. तळवा आपल्या पोटाशी टेकवून सगळ्या अंगाचा भार देत बोटं माझ्या नडगीकडे रेटली. ‘दीदी, साँस लो.’ माझ्या पायाला भेगा, टाचेला धूळ, नखं वाढलेली. मला शरम वाटून मी पाय ओढायला गेले तर तिने घट्ट धरला. आणि तेव्हा, कळ अजून पोटरीत असताना, मला आठवलं की आज कोणता गुरुवार आहे. येशूने घंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले तो. तेव्हा पेत्रानेही असाच पाय मागे घेतला होता.

पुढचं कसं सांगावं कळत नाही. आनंद हा शब्द वापरायला मला भीती वाटते, प्रचारकांनी त्याला फार गुळगुळीत करून टाकलाय. कळ थांबली नव्हती. आजारही गेला नाही, जाणारही नाही. पण कित्येक महिन्यांनी मी जिथे होते तिथे होते. पाय माझा होता, दुखणंही माझं होतं, आणि त्या दुखण्यात मी एकटी नव्हते. अण्णा होते, खाला होत्या, ही पोरगी होती, आणि या सगळ्यांच्या आधी इथवर येऊन गेलेला एकजण होता. छातीत काहीतरी उसळून आलं आणि मी रडता-रडता हसले. सिस्टरला वाटलं रक्तदाब घसरला. तिने पट्टा बांधून पाहिलं. ठीक होता.

संडे स्कूलमध्ये आम्हाला फिलिप्पैकरांस पत्रातल्या ओळी पाठ करायला लावायचे. अवघे चार अध्याय आणि पानोपानी आनंद. मला ते लिहिणाऱ्या पौलाचा राग यायचा. आनंद काय हुकमाने होतो? पण तो हे सारं बेड्यांत बसून लिहितोय, सुटणार की मरणार हे त्याचं त्यालाच माहीत नाही, आणि सुटका झाल्यावर आनंद करू असं तो कुठेही म्हणत नाही. पाठांतराला ही बाजू कुणी जोडून दिली नव्हती. यंत्राला बांधून घेतल्यावर ती आपोआप जोडली गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीनच्या उपासनेत मार्काने लिहिलेली एक बारीकशी गोष्ट कानांवर आली. खिळे ठोकण्याआधी शिपाई येशूला गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ करतात. गुंगी यावी म्हणून. तो घेत नाही. पण काही तासांनी, योहान सांगतो, तो तहान लागल्याचं बोलून दाखवतो आणि आंबेत, म्हणजे आंबलेल्या द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज तोंडाला लावला की ती आंब घेतो. गुंगी नाकारली, घोट नाकारला नाही. कष्ट सोसण्यातच पुण्य असतं असं मानणारे धार्मिक लोक मी पाहिलेत, त्यांनी हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत. सुई टोचण्याआधी मी बधिरीकरणाचं मलम लावते आणि लावत राहणार.

शनिवारी फोन पिशवीत ठेवला आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ नेलं. उजव्या हाताने पुस्तक धरायचं, पान उलटायला हनुवटी वापरायची. लक्ष्मीबाईंना आयुष्याने काय कमी दाखवलं? १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या सोबत नव्हत्या, पुढची काही वर्षं नवऱ्यावेगळी काढली, १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या, १९१९ साली टिळक गेले. आणि पुस्तकात ही बाई स्वतःच्याच फजितीवर खदखदून हसवते. दुःखाकडे पाठ फिरवून असा विनोद होत नाही, त्याचे नाकडोळे नीट बघितलेले असावे लागतात. पंडिता रमाबाईंचा नमुना निराळा. जन्म इकडचाच, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला, १८५८चा. आईबाप दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तो नवरा. केडगावला म्हातारपणी कान गेलेले, आणि जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. रमाबाई आपल्या मराठी बायबलाच्या भाषांतराला पुन्हा बसल्या. खेड्यातल्या बाईला कळेल असं सोपं बायबल. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या तोवर काम हातावेगळं झालेलं होतं.

असं वाचून मी सुधारले असं कुणी समजू नये. फोन गेल्या मंगळवारीही होता हातात. आणि त्याला नुसतं शत्रू ठरवणंही मला जमत नाही. त्या गुरुवारी पाळी संपताना सिस्टरने कोपऱ्यात उभं राहून आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे कोट्टयमजवळच्या स्वयंपाकघरात पेसहाचं, म्हणजे त्या गुरुवारचं, अप्पम उकडत होतं आणि ही ते डोळे भरून बघत होती. चाकांमागून माझा फोन तिनेच काढून दिला, काचेवरची धूळ ओढणीला पुसून.

ईस्टरला पहाटेच्या उपासनेला गेले. निघण्याआधी मनगट चाचपलं, गुणगुण होती. त्या दिवशीच्या वहीत नोंद आहे: चहा ८०, गोळ्यांबरोबर पाणी ५०, प्रभुभोजन १०.