एकाच माणसाचं दुःख

काल रात्री सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ पुन्हा वाचून संपवली. २००६ सालची कादंबरी. पुण्यातल्या घरात पेइंग गेस्ट येतो आणि तनय, अनुजा ही भावंडं त्याच्याच प्रेमात पडतात. आधी तनय बोलतो, थेट त्या निघून गेलेल्या माणसाशी. मग अनुजाची डायरी. तनयचं वाचताना मी अनुजावर चिडले होते. तिची पानं सुरू झाली आणि मनातल्या मनात वरमले. एका छपराखाली वाढलेली दोघं, दुःख एकाच माणसाचं, पण वाटून घ्यायची सोय नाही! त्या माणसाला तर नावसुद्धा नाही.

सकाळी चहा टाकला, तेव्हा आतल्या खोलीत धाकटा भाऊ फोनवर हळू आवाजात बोलत होता. चहा उकळून आटत आला, तरी त्याला हाक मारवेना.