फुगा फुटू नये, मिटूही नये

आमच्या बंड्याची प्लीहा काढायची ठरली आणि घरात सॉलिड टेन्शन. बंड्या म्हणजे नऊ वर्षांचा गोलमटोल लॅब्रेडॉर. म्हटलं, फॉर्मवर सही करायचीच तर सगळं विचारून करू. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारलं, "धोका कशाचा?"

"रक्तस्रावाचा आहेच. पण माझा एक डोळा त्याच्या फुफ्फुसांवर असेल."

फुफ्फुसं? ऑपरेशन तर पोटाचं!

मग त्यांनी समजावलं. भुलेत स्नायू सैल पडतात. कुत्रा उताणा असतो, पोटातला सगळा ऐवज छातीच्या पडद्यावर रेलतो आणि फुफ्फुसातले वायुकोश, म्हणजे इवलेसे फुगे, मिटायला लागतात. गंमत म्हणजे शुद्ध ऑक्सिजन यात भरच घालतो! हवेतला ७८ टक्के नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही, म्हणून फुगा टिकतो. ऑक्सिजन मात्र रक्त भराभर शोषून घेतं. फुगा रिकामा! मग तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. घोड्यांचं तर वजनच इतकं, की त्यांना हा त्रास फार. स्वीडनच्या संशोधकांनी १९९० मध्ये भूल दिलेल्या पोनींचे सीटी स्कॅन करून ही मिटलेली फुफ्फुसं दाखवली होती.

उपाय ऐकायला सोपा. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दाबाचा एक श्वास द्यायचा आणि काही सेकंद धरून ठेवायचा. पण तेवढ्यात हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी घसरतं. दाब जास्त झाला तर फुफ्फुसाला इजा. आणि नुसतं उघडून भागत नाही. श्वास सोडल्यावरही थोडा दाब, ज्याला 'पीप' म्हणतात, ठेवावा लागतो. नाहीतर काही मिनिटांत पुन्हा तेच.

बंड्याचा ऑक्सिजन मध्येच ९१ वर आला होता, हे मला नंतर कळलं. बाईंनी श्वास दहा सेकंद धरला. बीपी खाली गेलं, सावरलं. मग पीप लावला, ऑक्सिजनचं प्रमाण कमी केलं. आकडा ९७ वर गेला आणि तिथेच राहिला.

तुमच्याही घरी असा कुणी असेल, तर सही करण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा. व्हेंटिलेटर आहे का? आणि ऑपरेशनभर फक्त भुलेकडे बघणारं कुणी आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत, खुर्ची पुढे करतात.